सव्वापाच ते सहा

सव्वापाचला मी शेगडीवरचा छोटा दिवा लावते.
मोठा लावला तर उजेड जिना चढतो
आणि वेस उठतो,
आणि वेस उठला की भूक उठते.

बाहेर नेब्रास्काचा जानेवारी, शून्याखाली एकोणीस.
धान्याच्या कोठाराच्या टोकावर लाल दिवा
उघडझाप करतोय.
लाइलची पाळी तिथे असते,
हल्ली आठवड्यात तीनच दिवस.

रात्री भिजत घातलेला घेवडा फुगून वर आलाय.
पाण्यात बोटं घालून मी हिशेब करते :
आज सूप,
उद्या वाटून पावाला लावायला,
उरेल ते परवा मक्याच्या पिठात.
परवाचं मी देवावर सोडत नाही.
देवावर सोडायच्या गोष्टींची माझी यादी वेगळी आहे.

हॅमचं हाड तिसऱ्यांदा उकळतंय.
पहिल्यांदा ते मांस होतं, दुसऱ्यांदा चव.
आता नुसती ओळख उरलीय,
पण पाण्याला तेवढी पुरते.

मार्जरिनचे कागद मी टाकत नाही,
घडी घालून ठेवते, पावाच्या साच्याला आतून पुसायला.
बर्निस, माझी सासू, म्हणायची,
कागदाला चिकटलेलंसुद्धा कुणीतरी दिलेलंच असतं.
मी हसले होते तेव्हा.
तेव्हा लाइलला पूर्ण पगार होता.

मग वही.
विजेच्या बिलांचे पाठकोरे कागद, जाड दोऱ्याने शिवलेले.
पुढे किती थकलंय ते,
मागे मी काय वाचलं ते.
शाई आरपार जाते कधीकधी
आणि ‘कृपा’ या शब्दावर
एकशे बेचाळीस डॉलर उमटतात.

नऊ दिवस झाले, मी एकाच पानावर अडलेय.
दुष्काळ. एक विधवा. तिचा पोरगा.
मूठभर पीठ, शेवटचं,
आणि दारात परका माणूस,
आधी मला कर म्हणणारा.
ती करते. मग पीठ सरत नाही, तेल सरत नाही.
रविवारी इथपर्यंत आलं की सगळं देऊळ मान डोलावतं.

मी समासात लिहिलंय :
रोज तेच?
आणि खाली, वेगळ्या दिवशी, वेगळ्या पेनाने :
पीठ सरलं नाही, पण मळलं कुणी?
सरपण?
पोराने ताटलीवर तोंड वाकडं केलं
तेव्हा ती काय म्हणाली?

पास्टर हॅल्वर्सनना विचारलं, कोटाची बटणं लावता लावता.
म्हणाले, मुद्दा तो नाही, अ‍ॅडलीन.
असेल.
त्यांच्या घरी स्वयंपाक त्यांची बायको करते.
तिने मात्र मागून माझ्याकडे पाहिलं,
आणि बटण चुकीच्या काजात घातलं.

आज सहाला पाच कमी असताना
पायमोज्यांचा आवाज न करता वेस खाली आला.
झाकण उचललं. वाफेत नाक घातलं.
“आजपण घेवडा?”

माझ्या हाताशी वचनं होती. कितीतरी.
समाधानाबद्दल, उद्याच्या काळजीबद्दल,
अधोरेखित, तारखा घातलेली.
खरं तर रागही होता हाताशी, अगदी जवळ.

म्हणाले,
“मीठ हवंय का बघ थोडं.”

त्याने चमचाभर घेतलं, फुंकर मारली.
डोळे बारीक करून विचार केला,
एखाद्या मोठ्या माणसासारखा.
“हवंय.”
आणि स्वतःच बरणी काढायला खुर्चीवर चढला.

वहीत त्या प्रश्नाखाली जागा होती, तीन ओळींची.
पण हात कणकेत होते, कोपरापर्यंत,
आणि कणीक थांबत नाही.
पान वाऱ्याने उलटू नये म्हणून
फक्त दाबून धरलं क्षणभर.

उजव्या कोपऱ्यात
थकबाकीच्या बरोबर मागे
पिठाचा अंगठा उठलाय.