खोडरबर

गुरुजी सावधान म्हणाले, अंतरपाट खाली गेला
आणि माझा फ्लॅश उडाला नाही.

अक्षता पडल्या, बँड सुरू झाला.
माझ्या पडद्यावर काळोख,
त्यात अहमदपूरच्या मंगल कार्यालयातल्या ट्यूबलाइटची
एक पांढरी रेघ.

दिवा तर लाल होता. म्हणजे भरलेला.
हातात घेऊन बटण दाबलं की माझ्याच डोळ्यांत लखकन,
कॅमेऱ्यावर चढवला की मुका.
सेल बदलले. उलटे नाहीत ना, पाहिलं.
चाक आवळलं. फुंकर मारली,
आपल्याकडे सगळ्यावर पहिला इलाज तोच.

“काय करूलालास रे?” नवरीचा मामा.
“एक मिनिट.”

गंगाखेडला हबीबचाचांना फोन लावला.
मागं त्यांच्या कूलरची घरघर.
“हातात पेटतो ना? मग दुखणं त्याचं नाही, पायाचं.
घाम मुरलाय. खोडरबर बघ कुणाकडं.”

मॅनेजरची पोरगी हिशेबाच्या टेबलाखाली
चित्र काढत बसली होती.
आंब्याच्या वासाचा, एका कोपऱ्यावर चावलेला.
“परत द्याल ना?”

फ्लॅशच्या पायाचे पितळी ठिपके घासले.
काळ्या वळ्या निघाल्या,
वैशाखातल्या सतरा लग्नांच्या.

उडाला!
पण फोटोत खालचा पट्टा कापल्यासारखा काळा,
नवरा-नवरीला पायच नाहीत.
गडबडीत अंगठा लागून आकडा पाचशेवर गेलेला.
सव्वाशेवर आणला.

मग मामांनीच गुरुजींना गाठलं.
गुरुजींनी घड्याळ पाहिलं.
“लग्न लागलंय. आता हे फोटोचं.”
अंतरपाट पुन्हा धरला,
शेवटची ओळ तेवढी पुन्हा म्हटली,
अक्षता सतरंजीवरच्याच वेचून घेतल्या.

या वेळी मुंजाजी हसला, सत्यकला हसली,
अंतरपाट धरणारेसुद्धा हसले.
फोटो झकास आला. अल्बमच्या पहिल्या पानावर तोच.

मघाशी ती हसली नव्हती.
पायाच्या अंगठ्यानं पाटाची कड
घट्ट धरून उभी होती.
मी पाहिलं, एका डोळ्यानं.

तो काळा फोटो पुसला नाही.
रात्री उजेड वाढवून वाढवून बघितला,
नुसते दाणे दाणे.
त्यातले अक्षतांचे कुठले
आणि अंधाराचे कुठले, कळेना.

खोडरबर द्यायचा राहूनच गेला.
बॅगेत आहे.
सेलांना आंब्याचा वास येतो.