दोन गाठींमधलं पेर

वेळूला गाठी असतात, माझ्या दांडीलाही.
गाठीवर सगळं ठाऊक असतं मला:
कुठं आहे, कुठं तोंड करून आहे.
मधल्या पेराचं काय,
ते मी ठरवायचं.

जागेचं सोपं आहे.
आरमोरी इथं, वडसा तिथं,
अर्ध्यावर येईल तो अर्धा,
एसटी थांबो न थांबो.

वळणाचं तसं नाही.
झिंगरूकाका पुसाच्या उन्हात
सकाळी उगवतीला तोंड करून कांबी सोलायला बसतात,
ऊन सरकतं तसे सरकत
दिवस कलता मावळतीला.
दोन्ही तोंडांची बेरीज करून निम्मी केली मी
तर दुपारी ओट्यावर कुणीच नव्हतं.
दिशा नाही, लांबी नाही. शून्य.
खरे काका त्या वेळी
दक्षिणेला पाहत कोयत्याला धार लावत होते.

वळणं भोपळ्याच्या पाठीवरून जातात, मुंगीसारखी.
आतून पोखरत आडवाट धरली
की वस्तू आखडते.

तीन रात्री अडलेय मी एकाच चुकीशी.
पडद्यावरची दांडी आधीच पिळलेली.
ती अख्खी उचलून नुसती फिरवते,
वाकवत नाही, ओढत नाही,
तरी आत नवा ताण दिसतो.
न बसलेला मार अंगावर उमटावा तसा.

काकांना सांगितलं, म्हणजे सांगून पाहिलं.
त्यांनी ओली कांब घेतली,
एक टोक पायाच्या अंगठ्यात,
दुसऱ्याला पाव वळसा.
मग दोन्ही टोकं दोन मुठींत धरून उठले,
दाराकडे वळले, पुन्हा चुलीकडे.
"पीर वाढला का?"
"नाही."
"मंग? घर फिरला म्हून कांबीले का समजते?
थिले आपला दुसरा टोक ठावूक."

तेवढ्यात लाइन गेली.
अंधारात बोटांवर मोजलं मी:
जगाचं फिरणं आधी उतरवून ठेवायचं.
पहिल्या गाठीवर उभं राहायचं,
तिथून दुसरी किती वळलेली दिसते
तेवढंच घ्यायचं, आणि पेरभर
सारख्या हातानं वाटत न्यायचं.
उतरवलेलं शेवटी परत चढवायचं.

मलाही अशीच अख्खी उचलून
पुण्यात ठेवली होती.
बारा वर्षं झाली, अजून कळलेलं नाही
आतला ताण खरा
की माझ्या मोजण्यातला.

पहाटे लाइन आली.
शून्य दशांश, मग चौदा शून्यं, मग दोन.
काका चष्मा पुसून वाकले.
कांबी मोजतात तसं अंगठ्यानं
एकेक शून्य मोजलं.
"अन् थो दोन कोनाचा?"

यंत्राचा, मी म्हणाले.
पटलं नाही त्यांना.
पडद्याला नख लावून पाहिलं,
निघत नाही म्हटल्यावर
अर्ध्या सुपाकडे वळले.