काजळीवरची रेघ

अल्वर्डच्या कोरड्या तळ्यावर सकाळी सहा वाजता
थर्मासचं झाकण फिरवलं तरी ऐकू यावं इतकी शांतता.
लेस्टर आरिएटा गुडघ्यांवर बसून
विमानाला एरंडेल मिसळलेलं इंधन पाजत होता,
बाटलीनं, पोरक्या कोकराला पाजतात तसं.

नऊ फुटी पंख, खालून काळे कुळकुळीत.
फार वर गेलं की, म्हणाला,
काळ्याशिवाय दुसरा रंग टिकत नाही.
पोटात एक डबी: काजळी धरलेला कागद, त्यावर सुई,
आणि बोइसीहून आलेल्या पंचाचं लाखेचं सील.
सुई ओरखडेल तेच खरं.
बाकी आमचं सगळं ऐकीव.

मी अकरा वर्षांचा. माझ्याकडे स्टॉपवॉच
आणि तोंड उघडायचं नाही अशी ताकीद.

पहिली सात मिनिटं सगळ्यांनाच दिसत होतं.
मग टोपीएवढं, मग माशीएवढं,
मग पंच म्हणाला, मला नाही दिसत,
आणि लेस्टर काहीच म्हणाला नाही,
म्हणजे त्यालाही.

उरली बेगोन्या.
त्याची थोरली बहीण, मेंढ्यांमागे वाढलेली,
समोरच्या डोंगरावरची कोकरं दारातून मोजणारी.
खुर्चीत उताणी, दुर्बिणीला डोळा चिकटवून:
डावीकडे. अजून. बस.
नाक वर. एवढं नको.
मान खाली, नजर बुटांवर,
दोन अंगठ्यांनी लेस्टर उडवत होता
तिचा आवाज.

डोळ्यांत तेल घालून पाहणं म्हणतात.
तिच्या डोळ्यांतलं पाणी कानापर्यंत ओघळलं होतं
आणि ती पुसत नव्हती.

बेचाळिसाव्या मिनिटाला ती गप्प झाली.
अंगठे थांबले.
मी घड्याळ पाहिलं. अकरा सेकंद
जगात कुणालाच ते दिसत नव्हतं
आणि तरी ते होतं,
कुणाच्याही सांगण्यावाचून चढत होतं.
"उजवीकडे," ती म्हणाली,
भात वाढू का विचारावं तशी.

उतरलं तेव्हा तेलकट पंख हाताला गारठलेले.
पंचानं सील फोडलं, भिंग लावलं.
रेघ चढत गेलेली, चढत,
आणि कागदाच्या काठावरून निघून गेलेली.
"काठापर्यंतचं लिहितो," तो म्हणाला,
"पुढचं मला लिहिता येणार नाही."
तेवढ्यावरही विक्रम झाला. दीडशे फुटांनी.

लेस्टरनं बहिणीला विचारलं, खरंच किती होतं गं?
ती लाल डोळा चोळत होती.
"आईची हाक पोचायची नाही, तितकं."

"फुटांत?" पंचानं पेन उघडलं.
पण ती कॉफी ओतायला गेली होती.