टोकन तरतूद

सभा चारची होती, सुरू झाली पावणेपाचला.
इतिवृत्त लिहायला मी.
क्षेत्रीय कार्यालयातला पंखा दोनच्या पुढे जात नाही,
त्यावरही एक ठराव
मागच्या वर्षी एकमताने मंजूर आहे.

विषय क्रमांक सात:
कालव्यालगतच्या जलतरण तलावाची दुरुस्ती.
अंदाजे खर्च अडतीस लाख, हाताशी नऊ.
नऊसुद्धा तेव्हाच,
जेव्हा बागेतल्या कारंज्याच्या पैशांचं वर्गीकरण होईल.

वर्गीकरण म्हणजे काय, कुणीतरी विचारलं.
या डब्यातली डाळ त्या डब्यात,
ढमढेरे साहेब म्हणाले. हशा.
हशाला माझ्याकडे रकाना नाही.

निवृत्त कर्नल आठल्ये उभे राहिले.
त्यांना चालायला पट्टा हवा, रबराचा, गुडघ्यांना सोसेल असा.
"पोहणारे किती, चालणारे किती, बघा की!"
त्यांनी बघितलं होतं. चार रविवार,
सकाळी सहा ते आठ, फाटकाशी खुर्ची टाकून
उभ्या रेघा, पाचवी आडवी.
मला त्यांचा राग यायला हवा होता.
पण कागद इतका नीटनेटका.

हास्यसंघाला पत्र्याची शेड.
नसीम बागवान यांना बायकांची वेळ वेगळी,
आणि कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी.
"कडी. बाकी तुमचं तुम्ही ठरवा."
अडतीस लाखांत फरशी होती, पंप होता,
उद्घाटनाची कोनशिलासुद्धा होती.
कडी नव्हती.

मग अनुसया खिलारे, मागच्या रांगेतून, न उठता:
"माझं पोरगं कालव्यात पोहायला शिकलं.
शिकलं म्हणून दिसतंय.
शेजारणीचं शिकत होतं."

पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.
मी लिहिलं,
एका नागरिक भगिनीने सुरक्षिततेचा मुद्दा उपस्थित केला.

हात वर झाले तेव्हा मोजायलाही मीच.
तलाव एकेचाळीस, पट्टा एकोणचाळीस,
शेडवाले चहाला गेले होते.
पोळेकरांच्या साईराजचा हात
तलावाला वर गेला, खाली आला, पुन्हा अर्धा वर गेला.
अठरांखालचा हात धरत नाहीत, मी सांगितलं.
"धरू नका," तो म्हणाला, "पण पाणी आलं तर आम्ही कुठं खेळायचं?"

सहा वर्षं कोरडा आहे तलाव.
उथळ बाजूच्या भिंतीवर विटेनं ओढलेले तीन स्टम्प.
खोल बाजूकडे मारला तर दोनच धावा,
कारण तिकडे उतार आहे, बॉल आपला आपण जातो,
त्यात मारणाऱ्याचं काय?
हा नियम कुणी केला, कोणत्या सभेत,
किती हात वर होते, माहीत नाही.
पण मोडलेला कुणी पाहिला नाही.

साहेबांनी घड्याळ बघितलं.
ठरलं असं:
निधी अपुरा असल्याने सदर कामी
रुपये एकची टोकन तरतूद ठेवावी,
जेणेकरून लेखाशीर्ष चालू राहील.

बावीस वर्षांत असे किती रुपये लिहिले मी.
दवाखान्याला एक, वाचनालयाला एक,
जिथं आता मॉल आहे त्या मैदानाला
लागोपाठ सात वर्षं एकेक.

पक्कं इतिवृत्त करताना
अनुषंगिक बाबींमध्ये एक ओळ घातली,
कडी, लोखंडी, नग दोन.
कुणी वाचत नाही तिथपर्यंत.

घरी जाताना तलावापाशी थांबले.
साईराज कुंपणाला आला. "बाई, झालं का पास?"
"झालं. एक रुपया."
तो जरा विचारात पडला, मग मागं वळून ओरडला,
"ए, यंदा आहे रे आपलं!"

कुणीतरी मारला.
बॉल उताराला लागला आणि सावकाश,
जिथं निळ्या रंगात साडेतीन मीटर लिहिलंय
तिथं जाऊन थांबला.
दोन, पोरं म्हणाली.
आणायला मात्र कुणी लगेच उतरेना.