एकाच जाळ्यात

"दोन्ही एकाच जाळ्यात आहेत का, ते बघा आधी,"
साकोलीहून फोनवर उमाकांत सांगतो.
मी बघते.
चिचटोला मच्छीमार संस्थेची खोली,
एकच टेबल, त्यावर वीतभर अंतरानं
माझा मोबाइल आणि संस्थेचा कंप्युटर.
मोबाइल म्हणतो, जवळपास कोणतंही उपकरण नाही.
कंप्युटर म्हणतो, शोधत आहे.
शोधत आहे, शोधत आहे,
भोवऱ्यात सापडलेल्या डोंग्यासारखं
ते निळं चाक जागच्या जागी.

मोबाइल खरंच भलत्याच जाळ्यात होता.
शेजारच्या रिचार्जवाल्या गुड्डूच्या,
ज्याचं नाव त्यानं ठेवलंय 'घरचं घे ना'.
तिथून काढला, पंचायतीच्या वायफायला लावला.
ब्लूटूथ बंद, ब्लूटूथ चालू.
'जुनी जोडी विसरा' असं एक बटण असतं,
ते दाबताना उगाच मागं वळून पाहिलं.
मग नवी जोडी:
सहा आकडे इकडे, तेच सहा तिकडे.
दोघंही होय म्हणाले
आणि मांडवातच मोडलं.

मोबाइलात त्रेचाळीस आवाज आहेत,
सगळे सुकराम आजाचे.
एकेका मासोळीचं नाव,
ती गाळात बसते की देवधानात,
कोणत्या नक्षत्रात तिचं पोट भरतं,
कोणत्या जाळ्याला ती हसते.
शुक्रवारपर्यंत नोंदवहीत चढवायचे आहेत.
आजा स्वतः बाजूच्या खुर्चीवर, पाय वर घेऊन.
"कुठं अडकली वं, दुर्गे?"
"फायरवॉल असंल, आजा. भिंत असते आत."
"भितीत मासोळी काऊन जाईन?"

लाइट गेली.
लाइट आली.
सगळं पहिल्यापासून.
आणि तेव्हा कोपऱ्यात खाली नजर गेली:
एक जानेवारी, दोन हजार नऊ,
रात्रीचे बारा वाजून सात मिनिटं.
बाहेर वैशाखाचं ऊन, दुपारचे तीन.

आतला रुपयाएवढा सेल मेलेला.
लाइट आली की दरवेळी
हा त्याच एका रात्री जागा होतो.
मोबाइल आपली ओळख दाखवतो,
हा तारीख वाचतो आणि म्हणतो,
हा कागद अजून निघालेलाच नाही.
चूक कुणाचीच नाही.
त्याच्या हिशेबानं मी अकरा वर्षांची आहे,
कासवासारखं दप्तर पाठीवर घेऊन
पाळीवरून शाळेत जाते आहे.

आजाला समजावलं.
तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
"त्या सालात आहे ना हा?
मंग इचार त्याले,
पोष्टी लागते का अजून जाळ्याले?
बेशरम नसंल ना वाढली तिकडच्या काठाले?"

मी हसले. मग हसू थांबलं.
ट्रेनिंगचा जुना हेडफोन होता ड्रॉवरमध्ये,
तो कंप्युटरला जोडला, रेकॉर्डचं बटण दाबलं.
"घ्या. तुम्हीच विचारा."
आजा वाकला, माइक ओठाला लावला,
बहिऱ्या माणसाशी बोलावं तसा ओरडला.
विचारलं. थांबला.
कान देऊन बसला.
पंखा फिरत होता.

सेल गावात कुठंच मिळाला नाही.
शेवटी बचत गटाच्या काट्यातून काढला,
हळदीच्या पुड्या मोजायचा तो काटा.
प्रभावती बाई म्हणाल्या, उद्या सकाळी परत पाहिजे.
बसवला. तारीख घातली. आजची.
मोबाइलनं ओळख दाखवली,
कंप्युटरनं मुकाट्यानं दार उघडलं.
मरळ गेली, शिंगूर गेला, दाडक, वाम,
त्रेचाळीसच्या त्रेचाळीस, सहा मिनिटांत,
आणि तोवर आजा डुलक्या घेत होता.

यादी तारखेनुसार लागली.
सगळ्यांच्या वर, एकटी,
एक जानेवारी दोन हजार नऊची फाइल.
सव्वा मिनिटाची.
वीस सेकंद प्रश्न,
बाकी पंखा.

तारीख दुरुस्त करता येते.
उमाकांतनं सांगितलंही कशी ते.
बघू.
आधी प्रभावती बाईंसाठी
साकोलीहून एक सेल मागवायचा आहे.