राई

पापाच्या तिकटीला माझं दुकान, एकतीस वर्षं.
मराठी पाट्यांचं आंदोलन पेटलं
तेव्हा तीन रात्री झोपलो नव्हतो.
इंग्रजी अक्षरांवर पांढरा हात मारायचा,
वर आपली वेलांटी, आपला उकार.
शाल मिळाली, नारळ मिळाला.
शाल अजून आहे, ब्रश पुसायला.

त्याच दुकानात यमुना अलकुंटे आली,
मनपा शाळेतली बाई, चपला पायरीखाली काढून.
दोन बाय तीन, पत्र्यावर, म्हणाली.
वडारी बोलीचा वर्ग. रविवारी सकाळी आठ. समाजमंदिर.
मी विचारलं, बोली लिहू का भाषा?
जरा थांबली.
भाषा लिहा. पैसे तेवढेच ना?

पाटी दाराशी वाळत ठेवली.
पहिल्यांदा चहावाल्यानं वाचली,
मग चहा प्यायला आलेल्यांनी.
आधीच मराठीचं काय चाललंय बघतोयस न्हवं?
त्यांची पोरं दहावीला टिकंनात, त्यात हे कसलं खूळ.
चोरून बोलायची भाषा ती, तिची आता शाळा?
ज्या गावची भाकरी खायची...
हे वाक्य कुणी पुरं केलं नाही. सगळ्यांना पाठ होतं.

संध्याकाळी शाल देणारे साहेब आले.
पेंटर, तुम्हीसुद्धा?
एवढीशी तर पाटी, साहेब.
राईचा पर्वत असाच होतो, म्हणाले,
आणि ओल्या रंगाला बोट लावून बघितलं.

रविवारी वर्ग भरला. सात पोरं.
सोमवारी पाटीवर डांबर.
कुणी मारलं, माहीत नाही.
पण हात ओळखीचा वाटला.
वरून खाली, एकही मात्रा न सोडता.
असाच मारायचो मी.

नवा पत्रा घेऊन वस्तीत गेलो.
समाजमंदिराच्या पायरीवर लगमव्वा, यमुनेची आजी.
कशाला पाटी, म्हणाली.
ही भाषा तोंडातनं जावी म्हणून पोरांना मारलाय मी.
फौजदाराच्या कानावर पडली की
बापय गडी आत.
आता नातीला परत पायजे. परत कुठनं आणू?
अर्धी मलाच आठवत न्हाई.

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं,
दगडाला काय म्हणता?
राई.
राई? आमच्यात राई म्हणजे मोहरी.
म्हातारी हसली. हसता हसता ठसका लागला,
यमुनेनं पाणी आणलं,
मग दोन्ही तळवे माझ्यापुढं उघडले.
मोहरी फोडून असं हुतंय व्हय रं?

घट्टे होते, काळे, कडेला पिवळे.
उजव्या हाताची करंगळी मिटत नव्हती.

राई, का रायी? लिहू कसं?
यमुना म्हणाली दीर्घ, आजी म्हणाली मधलं.
दोघींची जुंपली, त्यातलं मला काही कळेना.
खडूनं पत्र्यावर चारदा लिहिलं, चारदा पुसलं.
मधलं असं अक्षर माझ्याकडं नाही.

पत्रा तसाच सायकलला बांधून
रंकाळ्यावरनं परत आलो.
कट्ट्यावर बसलो. दगड दिवसभराचा तापलेला.
त्याच्यावर हात ठेवला
आणि म्हणून बघितलं, राई,
म्हातारीनं म्हटलं तसं, जिभेला मागं घेऊन.
पलीकडं भेळ खाणाऱ्या पोरांपैकी एकानं
वळून बघितलं.
मी खोकल्यासारखं केलं.