सातव्या दिवसाची ओहोटी

एलुनेड,
नकाशा स्वयंपाकघरातल्या टेबलावर मावत नाही,
म्हणून पेम्ब्रोकशरचं उत्तर टोक
पावाच्या डब्यावर चढवून ठेवलंय
आणि दक्षिण टोक माझ्या मांडीवर आहे.
दोरा घेऊन किनारा मोजला.
दोरा प्रत्येक खाचेत शिरतो, बाहेर येतो, पुन्हा शिरतो;
दोन गावं समोरासमोर, हाक मारली तर ऐकू जाईल,
आणि मधे सात मैल चाल.

तुझं पत्र मिळालं. मोज्यांबद्दल पटलं.
लोकरीचे तीन जोड, चौथा घेतलास तर तूच वाहा.
माझी पाठपिशवी काट्यावर आठ किलो भरली.
दुर्बीण काढली. पुन्हा घातली.
मग चहाचा डबा काढला, तोही परत आत गेला,
शेवटी काटाच कपाटात ठेवून दिला.

तू लिहिलंस, "ठीक आहे, दक्षिणेकडून निघू, वारा पाठीवर राहील."
तू, आणि एका पत्रात कबूल!
लहानपणी बसमधल्या खिडकीसाठीसुद्धा
आपलंच घोडं दामटणारी तू.
मी दोनदा वाचलं. अक्षर तुझंच होतं.

चौथ्या दिवशी लष्कराचा गोळीबाराचा माळ.
लाल निशाण वर असेल तर रस्त्याने वळसा.
फोन केला. पलीकडचा पोरगा म्हणाला,
"आठवडाभर आधी विचारा, बाई,
तोफांचं वेळापत्रक आमच्याही हातात नसतं."
पाचव्या रात्री प्रॉसरबाईंकडे मुक्काम.
त्यांनी विचारलं, एक पलंग की दोन?
मी म्हटलं, बहिणी आहोत.
त्या म्हणाल्या, म्हणूनच विचारतेय.

आता सातवा दिवस.
तिथे खाडीतून दगडांवरून पार व्हायचंय,
ओहोटीच्या अडीच तास आधी, अडीच तास नंतर, तेवढंच.
मी तक्ता काढला, बोटाने ओळ धरली:
पहाटे पाच वाजून दहा मिनिटं.
म्हणजे अंधारात उठायचं,
प्रॉसरबाईंसारख्या कुणाची तरी न्याहारी सोडायची,
नाहीतर नऊ मैलांचा वळसा, डांबरी रस्त्याने.
ओहोटी रोज पाऊण-एक तासाने मागे सरकते,
हे आपल्याला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं.
बाबा होडीत बसून विचारायचे,
आज नऊला, तर परवा किती वाजता?
तू नेहमी आधी उत्तर द्यायचीस.

होडी.
बघ, लिहून बसले.
अकरा वर्षं आपण या शब्दाला वळसा घालतोय,
वाढदिवसाच्या कार्डावर, मामींच्या अंत्यविधीला
चर्चच्या फाटकात हवेबद्दल बोलताना,
आणि आता मोज्यांच्या पत्रांत.
कितीला विकलीस ते मला नको आहे.
मला न विचारता का, ते विचारायचं होतं,
पण तेही आता पाण्यात बरंच खाली गेलंय,
तळ दिसत नाही.

तर पर्याय असे.
एक दिवस उशिरा निघालो, तर ओहोटी सहाच्या सुमारास.
दोन दिवस उशिरा, तर चांगली पावणेसात:
उजेड असेल, न्याहारी डब्यात घेऊ,
शेवाळावर कुठे पाय ठेवायचा ते दिसेल.
तुझ्या गुडघ्याचं मला माहीत आहे.
मामींकडून कळलं होतं, तू सांगितलं नव्हतंस.
माझ्याकडे दोन काठ्या आहेत,
एक तुला. लांबी कमीजास्त होते,
पेच जरा घट्ट आहे, सुरुवातीला माझ्याकडून फिरवून घे.

बसच्या तिकिटांची बुधवारपर्यंत वाट बघते.
तोवर सातव्या दिवसाच्या रकान्यात
पेन्सिलीने तीन वेळा लिहून ठेवल्यात, एकाखाली एक.
खोडरबर मी पाठपिशवीत टाकलंय,
त्याचं वजन काही होत नाही.

ता. क. प्रॉसरबाईंना दोन पलंग सांगितले.
खोली मात्र एकच आहे.